तिजोरीच्या सीनमधला काळोख

सकाळी सव्वादहा वाजता डोळ्यांच्या दवाखान्यात, नव्या चष्म्यासाठी आलेल्या तिजोरी-कारागिराच्या डोळ्यांत नर्सने थेंब घातले. शेजारी त्याची बायको होती, समोरच्या बाकावर मी. दोघं काल पाहिलेल्या हिंदी सिनेमाबद्दल बोलू लागली.

“दरोड्याचा सिनेमा असावा तर असा. शेवटी मात्र माती खाल्ली.”

“का हो? मला तर शेवटच आवडला.”

“अगं, चाळीस सेकंदांत तिजोरी उघडतात! मला अख्खी दुपार लागते, तीही मालक डोक्यावर बसला नसेल तर.”

“मग आवडलं काय?”

“त्याआधीचा सीन. मिट्ट काळोख, फक्त कुलपाची टिकटिक. दहा मिनिटं काहीच दाखवायचं नाही, याला छाती लागते. मला वाटलं, स्वप्नात माझीच बोटं फिरताहेत.”

“काळोख कुठे होता?”

“म्हणजे?”

“निळा उजेड होता की. खाली पाणी साचलं होतं, त्यात हिरोच्या धाकट्या भावाचा चेहरा हलत होता. रडत होता तो.”

“रडत होता?”

“सगळा वेळ.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इतके रंगून बघत होता.”

“ऐकत होतो.”

“...आत्ता मी दिसतेय का?”

“धुक्यातून चालत आल्यासारखी. छान दिसतेस.”

“थेंबांमुळे असेल.”

“थेंबांमुळेच.”

साडेदहाला नर्स त्याला आत घेऊन गेली. दहा मिनिटांचं काम आहे, असं तिने बायकोला सांगितलं. सव्वाअकराला मी निघालो, तेव्हा आतलं दार बंदच होतं.