पाव्हण्यांना दाखवायचं घर

नाय ताई, त्या सिस्टरना फोटोत नका घेऊ. त्यांना कामं असतात — पाड्यावर फिरायचं असतं, बाळंतिणी बघायच्या असतात. तुम्ही बसा. खाटेवर बसा, खाली नको, सारवण ओलं हाय. संस्थेचा भावेश येईलच, टेकाडावर गेलाय रेंज शोधायला. संस्थेचे पाव्हणे आले की तोच सगळं बोलतो — हे गौराकाकीचं घर, साखरशेतचं आपलं पहिलं घर, आधी कुडाचं होतं, आता विटांचं — मी नुसती दारात उभी राहते नि तो सांगेल तिकडं बघते. आज तुम्ही पुढं निघून आलात नि मला एकटीला बोलायला लागतंय. ती बघा चूल, धूर नळकांड्यातून वर जातो. मागं संडास हाय. वापरतो, वापरतो — तेही सगळे विचारतात.

हो, चांगल्या हायत सिस्टर. तुम्ही आलात तेव्हा गुडघ्याला तेल लावत होत्या ना. सगळ्यांनाच लावतात का? — आता सगळ्यांना कसं लावतील, माझे गुडघे जरा जास्त दुखतात म्हणून. नाय, तेल सरकार नाय देत, तेल घरचंच. तुम्ही ते मोबाइलमध्ये नका लिहू ताई. सरकारी सिस्टर गरिबाच्या पायाला तेल लावते असं नका लिहू. तसं नाय ते.

ते? ते काय नाय, गोधडी हाय. गोधडीखाली — आता तुम्ही हात लावलातच तर सांगते, टीव्ही हाय. पोटापाण्याला कमी पडतं नि टीव्ही कशाला असं वाटेल तुम्हाला. भावेशनंच सांगितलं झाकायला. भावेश वाईट नाय हो, त्याला पुढची घरं बांधायचीत. ते खाली निळं प्लास्टिक दिसतंय ना, ते पाड्यावरच्याच एकाचं, लहान्या नाव त्याचं. गेल्या पावसाळ्यात त्याचा कूड बसला, तेव्हापासून त्याची बायको पोशी तान्ह्याला घेऊन त्या प्लास्टिकखाली झोपते. पुढचं घर तिचं हाय. कधी? — पाव्हण्यांना वाटेल तेव्हा. मागच्या खेपेला पाव्हणे तुकाच्या घरी गेले, टीव्ही चालू होता, पोरं हसत होती. गाडीत बसताना एक साहेब बोलला, इथं तर बरं चाललंय की. झालं. पुढची घरं गेली मोखाड्याकडं. गेली तर गेली, तिकडंही आपलीच माणसं, माझी बहीण तिकडंच पोशेऱ्याला दिलेय — पण पोशी राहिलीच ना प्लास्टिकखाली. तेव्हापासून पाव्हणे येणार कळलं की टीव्ही झाकायचा, बरं लुगडं पेटीत टाकायचं नि हे असलं नेसायचं. गरीब तर आम्ही हावंतच ताई, त्यात खोटं काय नाय. पण पाव्हण्यांना दिसेल असं गरीब राहायला लागतं.

काय बोललात? मागं भांडी कोण घासतंय?

त्याच. सिस्टर.

कशाला घासतील सिस्टर माझी भांडी — बरोबर हाय तुमचं. कुठली सिस्टर घासेल. — टीव्ही झाकायला भावेशनं सांगितलं होतं. पोरीला झाक असं तो नव्हता बोलला. ती माझी पोरगी हाय ताई. वर्षा. उपकेंद्राची नाय, जव्हारला दवाखान्यात नर्स हाय. रात्रपाळी करून सकाळच्या एसटीनं आली, ड्रेससुद्धा बदलला नाय, आल्या आल्या माझे गुडघे घेऊन बसली. नि तुम्ही दारात. तुम्ही विचारलंत ह्या कोण, नि माझ्या तोंडातून आलं, उपकेंद्राच्या सिस्टर हायत. कुणी शिकवलं नव्हतं, मी विचारही नाय केला, आपोआप आलं. तिचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच राहिला. मग तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली, रुमालाला हात पुसला, तुम्हाला नमस्कार केला नि मागच्या दारानं गेली. मला वर बघवेना. तुमच्याशी बोलतेय खरी, पण मघापासून आतून जळतेय मी. पोटची पोर, नि मी तिला ओळख नाय दिली.

रागावली असेल? रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावत नाय. आधीच्या घरात पावसात चूल विझायची, तिथं पुस्तक कुठं ठेवणार. इथं बल्ब आला. ती त्या कोपऱ्यात बसायची नि तिचा बाप ढवळू, वीटभट्टीवरनं दमून आलेला, बाहेर ओट्यावर जाऊन झोपायचा, पोरीला उजेड पाहिजे म्हणून. तो आज असता तर तुमचा हात धरून बोलला असता, ही माझी वर्षा, बघून घ्या. नि मी — पोशीसाठी केलं असं मनाला सांगतेय. पण पोशी कुठं बोलली होती मला? मलाच भीती वाटते. बांधलेलं घर कुणी उचलून नेत नाय, कळतं मला, तरी गाडी आली की वाटतेच.

नको, तुम्ही नका उठू. मीच बोलावते तिला. फोटो काढा, दोघींचा काढा, माय-लेकीचा. पोशीच्या घराचं काय व्हायचं ते — नाय, तसं नका करू, पोशीचं घर तेवढं बघा. थांबा. वर्षा, ए वर्षा, आत ये जरा. ह्या ताईंना सांगायचंय तू कोण ते.

आयकतेय ती. भांड्यांचा आवाज थांबला बघा.

वर्षा —

आयकलंत तुम्ही? "आले हां मावशी," बोलली. मला. दवाखान्यात म्हाताऱ्या बायांना बोलते तसं. तुमच्यापुढं मी खोटी पडू नये म्हणून बोलतेय ताई. अजून मलाच सांभाळतेय.

नाय, आता फोटो नको. तुमची गाडी वाजतेय खाली. जा तुम्ही. भावेशला सांगा, गौराकाकीनं घर दाखवलं.