इथला पत्ता

वाहन नोंदणीच्या रांगेत, परमुलखात आपली भाषा कानावर पडली, तसे तिथे कामाला असलेल्या एका वेल्डरने कान टवकारले. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"काय म्हणाली हो ती खिडकीतली?"

"परदेशी माणसाला पोराची मोटरसायकल आपल्या नावावर करायची तर इथला पत्ता लागतो. त्याशिवाय कागद नाहीत, आणि कागदांशिवाय सीमेवर सोडत नाहीत."

"मग त्याच्या खोलीचा द्या की."

"ती काल सोडली ना आपण. किल्लीपण देऊन आलो."

"तरी मी म्हणत होते, घाई नको."

"तो गेल्यावर तिथे बसवत नव्हतं गं."

"याच गाडीवरून घरी येतो म्हणाला होता."

"माहितीये."

"मी मेली फरशीसुद्धा पुसून दिली हो."