अठरा रद्द

मिस्त्री: त्या स्टुलावर नको बसू, त्याचा एक पाय नुसता शोभेला आहे. इथं बस, पेटीवर. बापाची बॅग न्यायला आलीस ना, नेशील. पण आधी ऐक पोरी. एक गोष्ट सांगतो तुला. ती तुझ्या बापाला सांगायची माझी छाती झाली असती, तर तुला सहा जिने चढायला लागले नसते.

मुलगी: नऊ.

मिस्त्री: नऊ आहेत होय? बघ, लिफ्टवाल्याला कधी जिने मोजायची वेळच येत नाही.

मुलगी: आणि अजून किती दिवस बंद ठेवणार आहात ही लिफ्ट? खाली लोक शिव्या घालतायत.

मिस्त्री: घालू दे. लिफ्टच्या शाफ्टात एकट्यानं उतरायचं नसतं. जोडी लागते. सोमवारी ऑफिसवाले नवीन माणूस देणार आहेत मला, आणि तुझ्या बापाला दुसरीकडे. बावीस वर्षं एकत्र काढली, आणि त्याच्या एका अर्जात कारभार आटोपला.

मुलगी: काका, लवकर सांगा. मला औषधाचं दुकान उघडायचंय परत.

मिस्त्री: पत्त्यांची गोष्ट आहे.

मुलगी: पत्त्यांची? बाबांची दोन बोटं चेचलीत आणि तुम्ही मला पत्त्यांची गोष्ट सांगताय?

मिस्त्री: तीच सांगतोय. पत्ते कुणी दिले आम्हाला? तूच. कॉलेज संपलं तेव्हा ते राक्षसांच्या पत्त्यांचं खोकं बापाच्या हातात दिलंस, म्हणालीस टाकू नका, दुपारी खेळत जा, नाहीतर दोघं जेवल्यावर घोरत पडता. इथंच, या मशीनच्या खोलीत, याच पेटीवर, तू शिकवलंस आम्हाला. ज्यानं त्यानं आपल्या आवडीचे साठ पत्ते निवडायचे. त्याला डेक म्हणायचं. पत्ता खाली ठेवला की समोरच्याला विचारायचं, ‘चालेल?’ तो म्हणाला चालेल, तर तुझा राक्षस जागा होतो.

मुलगी: आणि समोरच्याकडे रद्दचा पत्ता असला तर तो टाकतो, आणि तुमचा पत्ता गेला. माहितीय, काका. मीच शिकवलं.

मिस्त्री: तर तुझ्या बापानं घेतले उंदीर. बारीक, स्वस्तातले, पण सुरुवातीलाच पाच-पाच अंगावर सोडायचा. मी श्वास घेईपर्यंत खेळ खलास. पहिले दोन महिने मी एकदा जिंकलो नाही. आणि जिंकल्यावर तो गाणं म्हणायचा. तुला माहितीय तुझा बाप कसा गातो.

मुलगी: माहितीय. शेजारी खिडकी लावतात.

मिस्त्री: मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. हे बघ, हे दुरुस्तीचं रजिस्टर. पुढून लिफ्टचं. आता मागून उघड.

मुलगी: ‘मंगळवार. चौथ्या फेरीत उंदीर आठ. झाडू नव्हता. उपाय, झाडू दोन वाढवले.’ काका! हे काय?

मिस्त्री: हरलो म्हणजे कंप्लेंट आली. कंप्लेंट आली की दुरुस्ती. मला दुसरं काय येतं? ज्या पत्त्यानं त्यानं मला मारलं त्याला उतारा आणायचा, उंदरांना झाडू तसा, आणि त्याच्यासाठी आपला एक पत्ता काढायचा. रोज एकच. दोन बदलले तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

मुलगी: हे डोकं खरंय. आम्ही पण असंच करायचो. ‘रद्द आठ केले.’ ‘रद्द बारा.’ ‘हत्ती एक काढला.’ हत्ती का काढलात? तोच तर तुमचा जिंकायचा पत्ता.

मिस्त्री: तीन होते. जिंकायला एक पुरे, म्हणून दोन काढले.

मुलगी: आणि हे? ‘शेवटचा हत्ती काढला. रद्द अठरा.’ मग जिंकणार कशानं?

मिस्त्री: जिंकायचं कुठं होतं? हरायचं नव्हतं. तो पत्ता ठेवणार, मी रद्द करणार. तो ठेवणार, मी रद्द करणार. शेवटी त्याचे साठ संपायचे, उचलायला पत्ता उरायचा नाही. नियमानं तो हरला.

मुलगी: तासभर चालत असेल एक डाव.

मिस्त्री: सव्वा तास. मधे जेवायचं.

मुलगी: आणि बाबा गात होते?

मिस्त्री: ...नाही. गाणं कधीच बंद झालं. मला वाटलं, बरं झालं, शांतता झाली.

मुलगी: शुक्रवारी काय झालं ते सांगा.

मिस्त्री: शुक्रवारी त्यानं अकरा पत्ते ठेवले. अकरा वेळा विचारलं, चालेल? मी अकरा वेळा नाही. बारावा पत्ता त्यानं पुढं केला, माझ्याकडं बघितलं आणि न विचारताच मागं घेतला. म्हणाला, चल, काम करू. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी रजिस्टर काढून लिहीत बसलो. उपाय सापडला, म्हणून.

मुलगी: पुढं.

मिस्त्री: तो खाली, केबिनच्या टपावर. रोलर साफ करायचे होते. मी इथं वर, हातानं ब्रेक सोडायला. आता आमची रीत अशी, की टपावरचा माणूस हात घालायच्या आधी ओरडतो, ‘घालू?’ मी म्हणणार, ‘घाल.’ मला केबिन हलवायची असली की मी ओरडणार, ‘घेतो!’ तो म्हणणार, ‘घे.’ उत्तर आलं नाही तर केसभर हलवायचं नाही. बावीस वर्षांत ही रीत मोडली नाही. ताप असला तरी नाही, भांडण असलं तरी नाही.

मुलगी: आणि?

मिस्त्री: त्यानं विचारलंच नाही. घातला हात. नंतर दवाखान्यात जाताना रिक्षात मी त्याला ओरडलो, गाढवा, विचारलं का नाहीस? तर म्हणतो कसा, तुला विचारून काय उपयोग, तू नाहीच म्हणतोस.

मुलगी: घरी सांगितलं, पाय घसरला.

मिस्त्री: ऑफिसात पण तेच लिहून दिलं त्यानं. डाव्या हातानं. मला वाचवायला.

मुलगी: तुम्हाला का वाचवायचं? चूक त्यांची ना, विचारलं नाही ते?

मिस्त्री: तीच गोष्ट सांगायची आहे तुला. मी ओरडलो होतो, ‘घेतो!’ उत्तर आलं नाही. थांबलो. परत ओरडलो. नाही आलं. मला वाटलं, रुसलाय. हरल्यामुळं तोंड फुगवून बसलाय. म्हटलं, बस फुगून. आणि सोडला ब्रेक. तीनेक इंच खाली गेली केबिन, जास्त नाही, पण त्याचा हात रोलरखाली होता.

मुलगी: उत्तर नसताना.

मिस्त्री: उत्तर नसताना.

मुलगी: सहा दिवस झाले, काका. एकदा घरी आला नाहीत. मला वाटलं तुम्हाला काही पडलेलीच नाही.

मिस्त्री: कुठल्या तोंडानं येऊ? रविवारी घरात बसवेना. डेक खिशात घातला आणि त्या खेळण्यांच्या दुकानात गेलो, तू जायचीस तिथं. म्हटलं बघू, एवढी दुरुस्ती केलेलं यंत्र जगात कुठं उभं राहतं. चार डाव खेळलो. चारी हरलो. शेवटच्या डावाला चष्मेवाली एक पोर होती, शाळेतली. माझे पत्ते बघून म्हणते, आजोबा, तुमचा डेक कुणाशी तरी भांडतोय. पण तो माणूस इथं नाहीये.

मुलगी: बघू तो डेक. ...हे उंदरांसाठी. हे पण. हा पत्ता तर कुणीच ठेवत नाही, बाबांचा तो लंगड्या मांजराचा पत्ता सोडला तर याचा कुठं उपयोगच नाही. काका, यातला पत्ता न् पत्ता बाबांसाठी आहे.

मिस्त्री: दोन वर्षं मी त्याच्या डोक्यातली एकेक वाट शोधून बंद करत होतो. आणि मला वाटत होतं, आम्ही खेळतोय.

मुलगी: तुम्हाला माहितीय, त्यांनी दुसरी जोडी का मागितली?

मिस्त्री: हात चेचला मी त्याचा. आणखी काय पाहिजे?

मुलगी: त्यांनी हाक ऐकली होती.

मिस्त्री: काय?

मुलगी: ‘घेतो’ म्हणालात ते. दोन्ही वेळा. काल आईला सांगत होते, मी स्वयंपाकघरात होते. म्हणाले, मला नीट ऐकू आलं, मुद्दाम बोललो नाही. म्हटलं आज त्यालाही कळू दे, विचारल्यावर काही मिळालं नाही की कसं वाटतं. वाटलं नव्हतं तो हलवेल, बावीस वर्षांत कधी हलवली नाही त्यानं. आणि मग रडले. म्हणाले, मी त्याच्या जिवाला घोर लावला, आता मी त्याच्याबरोबर शाफ्टात कसा उतरू?

मिस्त्री: रडला? तो?

मुलगी: हो. एका हातानं नाकसुद्धा नीट पुसता येत नव्हतं.

मिस्त्री: अरे देवा. आणि मी इथं बसून समजत होतो की त्याला माझं तोंड नको झालंय.

मुलगी: ते तिकडं बसून तेच समजतायत. दोघांची मिळून शंभराच्या वर वर्षं झाली, काका! अक्कल कधी येणार? मी बॅग न्यायला आलेच नव्हते. तुम्ही आपणहून सांगता का, ते बघायला आले होते.

मिस्त्री: मग?

मुलगी: सांगितलंत. जरा उशिरा, पण सांगितलंत. हेच आता त्यांना सांगा. आजच. अर्ज मागं घ्यायला अजून दोन दिवस आहेत.

मिस्त्री: येतो. संध्याकाळी तुझं दुकान बंद व्हायच्या वेळी येतो, बरोबरच जाऊ. एकट्यानं दार वाजवायला धीर होणार नाही मला. आणि तो नाही म्हणाला तर?

मुलगी: तर अकरा वेळा ऐकून घ्या.

मिस्त्री: ऐकेन. बारा वेळा ऐकेन. पण पोरी, तेवढं एक काम कर. काल बसलो होतो डेक उसकटायला. अठरातले चौदा रद्द काढले. चार राहिलेत. पत्त्याला हात लावला की वाटतं, आणि परत उंदीर आले तर? हात मागं येतो. हे धर. मी भिंतीकडं तोंड करून बसतो. ते चार तू काढ, अठराच्या अठरा जागी तुला वाटतील ते घाल, आणि काय घातलंस ते मला सांगू नकोस.