बादलीतले दोर

बायको: अहो, मोठ्या बादलीत काय भिजत घातलंय?

नवरा: होडीचे दोर.

बायको: आणि माझ्या स्वेटरांचा साबण कुणी संपवला?

नवरा: त्यावर लिहिलंय, नाजूक कपड्यांसाठी. हे बिचारेही नाजूकच झालेत गं. मीठ बसून नुसते ताठ झाले होते. कोमट पाण्यात मुरले की मऊ पडतील.

बायको: मऊ? हे बघा, धक्क्याच्या कडेला घासून पीळ उसवलाय. निम्मे धागे तुटलेत. उद्या जरा वारा सुटला की होडी चालली फिरायला. नवे घ्या.

नवरा: विकायच्या होडीला नवे दोर? निघालेल्या पाहुण्यासाठी कुणी नवी चादर काढतं का?

बायको: मागचं गिऱ्हाईक का पळालं ते कळलंय मला. धक्क्यावरच्या रखवालदारानं सांगितलं. शीड दाखवायच्या आधी तुम्ही त्याला हा तुटका पीळ दाखवलात.

नवरा: खरं बोलणं गुन्हा आहे का?

बायको: आणि त्याच्या आधीच्या बाई?

नवरा: त्यांना फक्त दोर हुंगायला दिला.

बायको: धन्य आहात! विकायचं कबूल केलं होतंत ना?

नवरा: केलं होतं. धक्क्यावरून घसरून पाण्यात पडलो, तू रडलीस, म्हणून हो म्हटलं. पण मन तयार होत नाही, त्याला मी काय करू?

बायको: ते दिसतंच आहे. होडीवर जाणं थांबल्यापासून सगळा जोर घरावर काढताय. पडद्यांना असल्या गाठी मारता, की सकाळी उजेड हवा असेल तर आधी तुम्हाला उठवावं लागतं. काल पिठाची पिशवी सोडता सोडता माझं नख तुटलं.

नवरा: ती गाठ अगदी सोपी आहे. टोक मागे ढकलायचं, मग...

बायको: मला शिकवू नका. कपाटात मी एक पिशवी ठेवलीय, ती काढा आधी.

नवरा: हे काय... नवे दोर! आणि नायलॉनचे!

बायको: दुकानदार चकचकीत प्लास्टिकचे गळ्यात मारत होता. म्हटलं, ते उन्हानं चिरतात. झटका बसला की थोडा ताणला जाईल असा नायलॉनच द्या.

नवरा: हे तुला कुणी सांगितलं?

बायको: इतकी वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी? आणि घासतं तिथे चढवायला बागेच्या जुन्या पाइपाचे तुकडेही कापून ठेवलेत.

नवरा: वा! रविवारी येणाऱ्या गिऱ्हाइकाची चांगलीच सोय केलीस.

बायको: त्याला येऊ नका म्हणून कळवलंय.

नवरा: म्हणजे?

बायको: म्हणजे होडी राहणार. पण एका अटीवर, एकट्यानं जायचं नाही. तुम्ही पडलात तेव्हा हात द्यायला कुणी नव्हतं, तेच माझ्या मनातून जात नाही. यापुढे मी येणार.

नवरा: अगं, तुला धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी मळमळतं!

बायको: मळमळू दे. खिडकीत बसून वाट बघण्यापेक्षा बरं.

नवरा: (बादलीतले दोर उपसत) मग हे जुने टाकून देऊ?

बायको: एक ठेवा. आणि ती गाठ दाखवा बघू. सावकाश.