सावंतकाकांची अर्धी गोळी

अरे, पेशंटला नीट समजावलं की तो काय करतो, ते मला विचार! चौऱ्याऐंशी साली मी घाटकोपरच्या एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टर होतो. आमचे सर पित्ताच्या नव्या गोळीची चाचणी घेत होते. अर्ध्या पेशंटना खरी गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण नुसत्या पिठाची. कोणाला कुठली, ते कोणालाच माहीत नाही. एथिक्स कमिटीने मला बजावलं, "हे सगळं पेशंटला कळल्याशिवाय सही घ्यायची नाही."

एकाच चाळीतले शेजारी सावंतकाका आणि राणेकाका आले. घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. दोघांनी माना डोलावल्या, सह्या ठोकल्या.

पंधरा दिवसांनी उरलेल्या गोळ्या बघायला बाटल्या उघडल्या, तर दोन्हींत अर्धे तुकडे!

"काका, हे काय?"

"माझी अर्धी तो खाता, त्याची अर्धी मी," सावंतकाका म्हणाले. "एका दाराक औषध नि शेजारच्या दाराक पीठ, ह्या बरा दिसता काय?"

सरांच्या चाचणीची वाट लागली यार! मी ओरडलोच, "अहो, एवढं सांगूनही तुम्हाला काहीच समजलं नाही?"

"नाय कसा? समाजला म्हणानच तर वाटून खाल्लंव!"