धोंडूशेठच्या चिवड्याची जाहिरात

जाहिरात लिहिण्यात काय जोखीम असते, ते मला विचारा. पस्तीस-छत्तीस साल असेल. मी नाशकात मास्तर होतो. भद्रकालीत धोंडूशेठनी चिवड्याचं दुकान काढलं आणि मला म्हणाले, "मास्तर, वाचल्याबरोबर माणूस पिशवी घेऊन धावत यावा, असं काहीतरी लिहून द्या."

मी लिहून दिलं, "आमचा चिवडा एकदा खा, बायकोच्या हातची चव विसराल!"

शेठ खूष. त्यांनी गावभर कागद वाटले. एक आमच्याही दारात पडला.

संध्याकाळी घरी आलो, तर चूल थंड. बायकोनं कागद पुढे धरला.

"हे तुम्हीच लिहिलंत ना?"

मला वाटलं, कौतुक करतेय. छाती काढून म्हटलं, "मग! दुसरं कोण लिहिणार?"

"मग आता जेवायलाही तिथेच जा."

मुकाट्यानं दुकान गाठलं. शेठ एकटेच चिवड्याची परात पुढ्यात घेऊन बसले होते.

"शेठ, ती जाहिरात आधी बदला. मला घरी जेवायला मिळेना."

शेठनी परात माझ्याकडे सरकवली.

"बसा मास्तर. आमच्या हिला तर मीच मोठ्यानं वाचून दाखवली."