नवसाची तांबडी

व्हय, घरातच ठेवती मी तिला — तू आदी ती सुरी पिशवीत घाल, दस्तगीर, आन् खाली बस. गावात देवीची कोंबडी तुझ्याच हातनं कापली जाती, तुझ्या बाबाच्या हातनं जायची, ते काय मला नवं न्हाई. पर माझ्या जयराजनं फलटनातनं तुला फोन करावा, आन् मला, सख्ख्या आईला, ते तुझ्या तोंडनं कळावं — काय म्हनला रं? आईकडं जा आन् नवस उरकून टाक? उरकून टाक म्हनं.

आरं, नवस बोललं कोन? मी. तवा ह्यो मिल्ट्रीत, तिकडं काश्मिरात, अकरा दिस फोन न्हाई. जानाईच्या पायरीवर डोस्कं टेकलं, म्हनलं, लेक धडधाकट येऊ दे, त्येच्याच हातनं तुला तांबडी कोंबडी देईन. त्येच्याच हातनं — आसं बोलली मी. आला की धडधाकट. पेन्शनीत आला, कारखान्यावर सिक्युरिटीत लागला, बायकोच्या गावात घर बांधलं. फलटन काय इलायतंत हाय व्हय? सकाळी निगालं तर जेवायच्या वक्ताला हितं. पर दर जत्रंला आपलं त्येच — आई, पुढल्या वर्साला येतो.

मग नवसाची कोंबडी भाईर सोडायची कशी? मुंगूस न्हेईल, कुत्रं न्हेईल, देवीला काय तोंड दावू? म्हनून घरात. शेजारची रंगूबाई हसती, म्हनती तानुबाईनं कोंबडी दत्तक घेतली. हसू दे. रोज हिच्यासाठनं पोतं हातरती मी, सकाळी झटकती. माझ्याच ताटातली भाकरी चुरून घालती, निजताना ही माझ्या उशापाशी येऊन बसती. मागं धरनीकंपाचा धक्का बसला, तवा मला काय कळायच्या आदी हीच फडफडली. भाईर पळाली म्हनून वाचली मी, वरचं कौल नेमकं हातरुनावर पडलं. दुसऱ्या दिशी जयराजचा फोन. मला वाटलं, बातमी ऐकून केला. म्हनला, "आई, कोंबडी हाय नव्हं?" तेवढंच. पोरगं सारखं आजारी पडतंय त्येचं, बायकोनं डोस्क्यात घेतलंय नवस ऱ्हायलाय म्हनून. आईची सय न्हाई, देवीचं भ्या हाय.

काय म्हनलास? सा वर्सं झाली तरी कोंबडी आशी तरनी कशी? आसती की, जपल्यावर — पयलीचा तुरा जरा वाकडा व्हता, हिचा आपला —

बघतोस काय आसा? गेलं तोंडातनं. पयली दुसऱ्याच वर्साला मेली. सकाळी उठली तर कोपऱ्यात ताठ पडलेली. परड्यात पुरली, आन् बाजारातनं तसलीच तांबडी बघून आनली. ही तिसरी. मग काय करू? मेली म्हनून सांगितलं आसतं, तर सुटलो म्हनला आसता, आन् हाय त्यो फोन बी बंद झाला आसता. देवीला समदं ठावं हाय, दर मंगळवारी तिच्याम्होरं बोलती मी. तिला न्हाई फशिवलं. लेकाला फशिवलं. नवस फिटला की त्येला ह्या घराकडं यायला कारन काय ऱ्हातंय, तूच सांग. मी हाय की — पर त्ये कारन सा वर्सांत पुरलं न्हाई, गड्या.

न्हाई, हात लावू नगंस तिला. ऊठ आता. चा ठेवत न्हाई, रागावू नगं. त्येला फोन कर, सांग, कोंबडी जिती हाय आन् तुझ्याच हाताची वाट बघती. बाकी हितलं बोलनं हितंच ठेव. आन् माझं काय सांगू नगंस, त्येनं इचारलेलं न्हाई.

जाताना दार वढून घे. भाईर जाईल ती.